भटू मुकादमाचा रिकामा ट्रक

ट्रक खैरपाड्याच्या चढाला लागला तशी ताईबाईने उभं राहून फाळक्यावरून मान बाहेर काढली. पाच महिने बारडोलीकडे ऊस तोडून टोळी परत येत होती. तिच्या गाठोड्यात आईसाठी मळकट पिवळ्या रंगाची, पण उबदार शाल होती आणि लेकीसाठी, दिपमालासाठी, फुग्याच्या बाह्यांचा फ्रॉक. पोरगी तिसरीत होती. तिची शाळा बुडू नये म्हणून ताईबाईने तिला आईजवळ पाड्यावरच ठेवलं होतं.

ट्रक थांबला. एरवी पोरं धावत येऊन चाकांना लोंबकळायची. दिपमाला शेजारच्या इंदिराबाईच्या दारात उभी होती, ती जागची हलली नाही. ताईबाईच्या घराला बाहेरून कडी होती आणि कडीत काटकी खोचलेली होती.

इंदिराबाईने तिच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. "उनी का आते?" आलीस का आता, एवढंच ती म्हणाली.

"माय कोठे शे?"

इंदिराबाईला वाटलं, ही सोंग करते आहे. मग तिने ताईबाईच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि तिचाच चेहरा उतरला. आई माघात गेली होती. तीन दिवस ताप होता, चौथ्या दिवशी पहाटे संपली. त्या सकाळी दिपमालाच "आजी उठत नाही" म्हणून सांगत आली. ताईबाईचा नवरा वना याचा मोबाइल उसाच्या फडात पाण्यात पडून बिघडलेला, म्हणून इंदिराबाईने मुकादमाला, भटूला, फोन लावला. भटू म्हणाला, सांगतो. संध्याकाळी तिने पुन्हा लावला. भटू म्हणाला, "सांगितलं. ती म्हणते, आता येऊन काय करू, तुम्हीच उरकून घ्या."

फडात एरवी भटूचाच फोन लागायचा, आणि तिचं उत्तर आलं म्हणून पुन्हा कुणी लावला नाही; पाड्याने उरकून घेतलं. आणि बावन्न दिवस पाड्यावर एकच बोलणं होतं, की ताईबाईला पैशापुढे आई दिसली नाही. दिपमालाही ते रोज ऐकत होती.

भटू अजून ट्रकपाशीच होता, टायरला लाथ मारून हवा बघत होता. पन्नाशीचा, पोट सुटलेला, पांढरा सदरा, खिशात दोन मोबाइल. खैरपाड्याहून दरवर्षी वीस कोयते, म्हणजे वीस नवरा-बायकोच्या जोड्या, तोच न्यायचा. ताईबाई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिच्या हातात कोयता होता, सामानातून उतरवलेला.

"इंदिराबाईना फोन उना व्हता तुले?"

भटूने कोयत्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. घाबरला असेल तर दाखवलं नाही. "उना व्हता. सांगतू तरी तू काय तिले जित्ती करनार व्हती? तू गयी असती, तुनामांगे वना गया असता. एक कोयता कमी. मी कारखानाले काय तोंड दाखाडू?"

वनाने मागून येऊन तिचं मनगट धरलं. धरायची गरज नव्हती. ताईबाईला भटूला मारायचं होतं खरं, पण तुरुंगात न जाता. ती घरी गेली, काटकी काढली, आणि आत आईच्या गोधडीवर उंदरांनी केलेली लेंड्यांची रांग झाडून काढली. फ्रॉक दिपमालाला दिला. पोरीने तो घेतला आणि विचारलं, "तू का नाही आली?"

"माले कोनी सांगं नही बेटा," ताईबाई म्हणाली. पोरीने मान हलवली, पण डोळ्यांत काही बदललं नाही. त्या न बदललेल्या डोळ्यांचा हिशेब ताईबाईने भटूच्या नावावर लिहिला.

उन्हाळाभर ती एकच विचार करत राहिली. पोलिसात जावं तर कलम कुठलं? मरणाची बातमी लपवली म्हणून कोण कुणाला आत टाकतं? त्याच्या विहिरीत काही टाकावं तर त्याची सून-नातवंडं तेच पाणी पिणार. मोह वेचताना, शेण थापताना, लाकडं फोडताना तिच्या ओठांची हालचाल चालू असायची. वना म्हणायचा, "सोड आते."

भटूचं बळ कशात आहे हे तिला ठाऊक होतं. आषाढ-श्रावणात पाड्यावरच्या कणग्या रिकाम्या व्हायच्या. नागलीची रोपं लावायची, पण खायला घरात काही नसायचं. नेमका तेव्हा भटू मोटारसायकलवर यायचा. डिकीत साखर, चहाची पूड, पोरांना बिस्किटं. खिशातून नोटा काढायचा आणि येत्या हंगामाची उचल हातावर ठेवायचा. पावसाळ्यात उचल घेतली की दिवाळीनंतर ट्रकात चढणं आलंच. पाड्याने ही नोट कधी नाकारलीच नव्हती, कारण त्या महिन्यांत दुसरी नोटच कुठून येत नव्हती.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात ती दुसरी नोट आली. लाडक्या बहिणीचे फॉर्म अंगणवाडीत भरून घेतले होते. ताईबाईनेही आधार कार्डाची झेरॉक्स देऊन अंगठा टेकवला होता आणि विसरून गेली होती. राखीच्या आसपास बायकांच्या खात्यांत दोन महिन्यांचे मिळून तीन हजार पडले. पिंपळनेरला बँकेपुढे बायकांची रांग रस्त्यापर्यंत आली. पुढची बाई भांडी घेणार होती, मागची पोराला दप्तर. ताईबाईच्या हातात नोटा आल्या तेव्हा तिच्या मनात भटू होता. ह्याच महिन्यात तो येतो. ह्याच महिन्यात आपल्या हातात त्याचा नसलेला पैसा आहे.

बँकेतून ती सरळ बाजारात गेली. एक माणूस सायकलला उलटे टांगलेले गावठी कोंबडे विकत होता. एका कोंबड्याचे सातशे सांगत होता आणि गिऱ्हाईक फारशी घासाघीस न करता देत होतं. ताईबाई तिथे अर्धा तास उभी राहिली. कोंबडी सगळ्या पाड्यावर होती, दोन इथे, तीन तिथे, मरणाऱ्या मरत, उरणाऱ्या पाहुण्याला कापत. तिला विक्रीपेक्षा एक दुसरीच गोष्ट दिसली. ज्याच्या खुराड्यात तीस कोंबड्या आहेत तो माणूस पाच महिने घर बंद करून जाऊ शकत नाही.

तिने पाच तलंगा, अंड्यावर यायच्या बेताच्या कोंबड्या, आणि एक तांबडा कोंबडा घेतला. उरलेल्या पैशाची जाळी.

चार दिवसांनी भटू आला. साखरेची पुडी त्याने नेहमीसारखी ओट्यावर ठेवली, जणू मधे काही घडलंच नव्हतं. ताईबाईने ती उचलून त्याच्या मोटारसायकलच्या सीटवर नेऊन ठेवली.

"यंदा मना घरना कोनी येवाव नही."

भटूने जाळीकडे पाहिलं आणि हसला. "कोंबडीस्ना भरोसावर पोट भरशी का?"

ती घरात गेली. पण भटू तिच्याहून वरचढ होता. आठवड्याने त्याने वनाला बाजारात गाठलं, चहा पाजला, चहावर आणखी काही पाजलं, आणि पंधरा हजार त्याच्या खिशात घातले. वना पत्रे घेऊन घरी आला. गळकं छप्पर झाकलेलं बघून बायको खूश होईल असं त्याला खरंच वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याने पत्रे ठोकले. तिसऱ्या दिवशी ताईबाईला कळलं, पत्रे कुठून आले.

"त्यानी दिधात, मी लिधात," वना म्हणाला. "तुनी मायना राग शे तुले, माले समजस. पन छप्पर गळस ना."

ताईबाईने शिडी लावली. भर पावसात एकेक खिळा उपटून तिने सगळे पत्रे खाली उतरवले आणि छपरावर प्लास्टिक अंथरलं. दुकानदाराने भोकं पडलेले पत्रे पडत्या भावात परत घेतले. कमी पडले ते तिने तिच्या पुढच्या हप्त्यातून भरले, चांदीचे वाळे मोडून भरले, आणि तरी दोन हजार कमी पडले ते इंदिराबाईने आणून दिले. इंदिराबाईच्या घशात तो फोन अजून अडकलेला होता. "मी पुन्हा लावाले पाहिजे व्हता," ती म्हणायची. "तुनासंगे बोलाड म्हनाले पाहिजे व्हतं त्याले."

आठवडी बाजारात भटूची एक जागा होती, चहाच्या टपरीचं बाकडं. तिथे बसून तो दहा पाड्यांचे लोक बांधायचा. ताईबाईने बाजार भरात असताना त्याच्या समोर नोटा ठेवल्या.

"मोजी ले. बठ्ठा पैसा शे. आनि बठ्ठासदेखत सांग, वनाकडे आते तुनं काही नही."

भटू आवाज खाली आणून म्हणाला, "घरी इसन बोलू ना, ताई."

"आठेच सांग."

टपरीवरचे लोक चहा थांबवून बघत होते. भटूने सांगितलं. आणि ताईबाईने त्याच गर्दीला, आवाज न चढवता, माघातल्या फोनची गोष्ट सांगितली. पहिल्यापासून शेवटपर्यंत. इंदिराबाईला त्याने काय उत्तर दिलं तेही. तो पूर्ण वेळ नोटा मोजत राहिला.

तो पावसाळा त्या घराने प्लास्टिकखाली काढला. ताईबाईला त्याचं काही वाटत नव्हतं. गळणाऱ्या जागी पातेलं ठेवायचं आणि कोंबड्यांचं खुराडं मात्र कोरडं. खुडूक बसलेल्या दोन कोंबड्यांखाली तिने अंडी ठेवली, तेवीस पिल्लं निघाली. दिवाळीनंतर भटूचा ट्रक आला तेव्हा वीसपैकी चौदा कोयते चढले. सहा घरं राहिली. भटूने ट्रक हलवताना तिच्या अंगणाकडे पाहून हॉर्न वाजवला, लांबलचक. कमी पडलेल्या कोयत्यांची भरती त्याने दुसरीकडून केली. त्याला अजून फारसं दुखलं नव्हतं, हे तिला कळत होतं.

मग थंडीत मानमोडी आली. कोंबडी मान वाकडी करते, गोल फिरते, दोन दिवसांत खलास. ताईबाईच्या एकोणतीस पक्ष्यांतले अठरा चार दिवसांत गेले. तिने खड्डा खणून ते आत टाकले आणि खड्ड्याच्या काठावर बसून राहिली. वना जवळ आला, त्याने तिचा चेहरा पाहिला आणि माती ओढायला लागला. भटूला हे कळणार, आणि तो हसणार, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

सकाळी ती एसटीने जनावरांच्या दवाखान्यात गेली. तिथल्या कंपाउंडरने सांगितलं, मानमोडीची लस असते, डोळ्यात एक थेंब. पण एक बाटली शंभर कोंबड्यांची. बर्फात ठेवायची आणि फोडली की दोन तासांत संपवायची. "तुमच्याकडे किती आहेत?"

"अकरा."

"मग बाई, शंभर जमवा."

ताईबाई ज्या घरांशी ऊसतोडीहून आल्यापासून बोलली नव्हती त्या घरांत गेली. ज्या बायका "आई मेली तरी आली नाही" म्हणाल्या होत्या, त्यांच्या ओट्यावर बसली. गोड बोलायला ती गेलीच नव्हती. तिने सरळ सांगितलं, की दरमहा दीड हजार सगळ्यांच्याच खात्यात येतात, त्यातले दोनशे पक्ष्यांवर घाला, थेंब मी टाकीन, माझे पक्षी जगायचे तर तुमचे जगले पाहिजेत. आणि तुमचे पक्षी वाढले तर पुढच्या साली भटूला तुमच्या दारात थांबायचं कारण उरणार नाही. काहींना पहिलं पटलं, काहींना दुसरं. त्या टोळीत हात तुटेपर्यंत राबलेली प्रत्येक बाई भटूचं काही ना काही मनात धरून होती. एकीला त्याने बाळंतपणानंतर आठव्या दिवशी फडात उभं केलं होतं. दुसरीच्या नवऱ्याला सगळ्यांसमोर थोबाडीत मारली होती. ताईबाईने ते सगळं ऐकून घेतलं.

चहाच्या थर्मासात बर्फ भरून ती बाटली घेऊन आली. पहाटे, कोंबड्या डालग्याखाली झाकलेल्या असताना, तिने घरोघर थेंब टाकले. पहिल्या वेळी सदतीस पक्षी. अर्ध्याहून जास्त बाटली वाया गेली. तीन महिन्यांनी, टोळी परतल्यावर, एकशे चार.

उन्हाळ्यापर्यंत खैरपाड्याचे कोंबडे हायवेवरच्या, दहिवेलकडच्या एका ढाब्यावर जायला लागले होते. आठवड्याला वीस. वना मोटारसायकलवर दोन्ही बाजूंना टोपल्या बांधून पोचवायचा. बाकीच्या वेळी पुरुष पिंपळनेरकडे कांदा काढायला जायचे, संध्याकाळी परत. पैसा फार नव्हता. पण तो दर आठवड्याला येत होता आणि त्यासाठी कुणाच्या ट्रकात चढावं लागत नव्हतं. ताईबाईच्या छपरावर नवे पत्रे आले. दिपमाला संध्याकाळी अंडी गोळा करायची आणि वहीत आकडे मांडायची. आईशी ती अजून कमी बोलायची, पण रात्री तिच्याच गोधडीत शिरायची.

दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात नव्या पडताळणीत ताईबाईचा हप्ता अडला. आधारवर तिचं नाव ताईबाई, बँकेत तिच्या माहेरच्या नावाने ताराबाई. दोन महिने पैसे आले नाहीत. आणखी तिघी-चौघींचंही असंच काही तरी खटकलं. ही बातमी भटूकडे त्याच दिवशी पोचली असावी, कारण दुसऱ्या दिवशी तो हजर झाला. यावेळी उचल वाढवून, जोडीला चाळीस हजार. घरोघर फिरला. "सरकारना पैसा," म्हणाला, "आज शे, सकाय नही. भटू मातर दर साल येस."

ताईबाई त्याच्या मागोमाग घरोघर गेली नाही. ती अंगणात बसून कण्या टाकत राहिली. बायकांनी ठरवायचं होतं. इंदिराबाईने त्याला खुराडं उघडून दाखवलं, आत अठ्ठावीस पक्षी. "यासले कोन पानी पाजी पाच महिना? तू का?" तो पुढच्या घरी गेला. तिथेही खुराडं होतं. त्याच्याही पुढे.

दिवाळीनंतर ट्रक आला. भटूने, ऐनवेळी येतीलच या भरवशावर, कारखान्याला वीस कोयत्यांचा शब्द देऊन ठेवला होता, आणि त्या शब्दावर त्याने स्वतः पैसा उचलला होता. सकाळी आठ ते दुपारी एक ट्रक पाड्याच्या तोंडाशी उभा राहिला. ड्रायव्हरने चार वेळा हॉर्न दिला. लोक आपापल्या अंगणात होते, कुणी खुराड्याचा तळ खरवडत होतं, कुणी भात झोडत होतं. बघत होते, हलत नव्हते. शेवटी भटू उतरला आणि चालत ताईबाईच्या अंगणात आला. सदरा घामाने पाठीला चिकटला होता.

"ताई, दहा कोयता दे. तू सांगशी तं येतीन."

ताईबाई पाटी बाजूला ठेवून उठली. ह्या घटकेची तिने दीड वर्ष वाट पाहिली होती. काय बोलायचं ते कितीदा ठरवलं होतं, शिव्यासुद्धा निवडून ठेवल्या होत्या.

"मनी माय कोनता दिनले मरी गयी? सांग."

भटूने सदऱ्याच्या बाहीने कपाळ पुसलं.

"फोन तुले उना व्हता. दोनदाव उना व्हता. दिन सांग, मी दहा कोयता देस."

तो खरंच आठवायला लागला. कपाळाला आठ्या घालून, खिशातल्या मोबाइलला नकळत हात लावून. "माघ व्हता," तो म्हणाला. "माघच ना?" ताईबाई वाट पाहत राहिली. सगळा पाडा वाट पाहत होता. इंदिराबाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

"याद नही, ताई."

"माले शे," ताईबाई म्हणाली. "जाय."

ट्रक रिकामा उतरला. वळणावर फाळक्याच्या साखळ्या खळखळताना बराच वेळ ऐकू येत राहिल्या. इंदिराबाईने कडाकडा बोटं मोडली. ताईबाईला वाटलं होतं, आता छाती हलकी होईल. तशी झाली नाही. पण बरं वाटलं, उन्हातून आल्यावर गार पाणी प्यायल्यासारखं बरं, आणि ते तिने कुणापासून लपवलं नाही. त्या संध्याकाळी तिने एक कोंबडा कापला आणि शेजारी वाटला.

भटूने त्या वर्षी ट्रक विकला असं बाजारात बोलत होते. टपरीवरच्या बाकड्यावर आता दुसरा कुणी बसायचा. एकदा भटूची बायको लपतछपत पाड्यावर आली. तिच्याही खात्यात थोडे पैसे साठले होते. तिला दहा पिल्लं हवी होती. इंदिराबाई ताईबाईकडे बघायला लागली, आता ही काय करते.

ताईबाईने पिल्लं मोजून दिली. भाव एक पैसा कमी केला नाही, एक पैसा वाढवला नाही. "थेंब टाकाले मातर त्याले धाड," ती म्हणाली. "तू नको येवू. तो येवाले पाहिजे."

म्हणून पौषातल्या एका पहाटे, ताईबाईच्या दारातल्या पंचवीस-तीस बायकांच्या रांगेत, डालगं काखेत धरून भटू उभा होता. पुढच्या बाया वळून वळून पाहत होत्या. एक हसली, तिचं हसू रांगभर गेलं. थंडी कडक होती. तीन वेळा ताईबाईने त्याच्या मागच्यांना पुढे घेतलं. तो डालगं दुसऱ्या काखेत घेऊन उभा राहिला. सगळ्यात शेवटी त्याची पाळी आली. तिने एकेक पिल्लू हातात घेतलं, डोळा बोटाने उघडला, थेंब टाकला, पापणी मिटेपर्यंत थांबली, जसं सगळ्यांच्या पिल्लांचं केलं तसंच. दहाही पिल्लं. त्याच्याकडे तिने वर पाहिलं नाही.

तो उतारावरून दिसेनासा झाल्यावर दिपमालाने रिकामी बाटली थर्मासात टाकली. आता ती पाचवीत होती, उंच झाली होती.

"आते भटूना हिशेब व्हयना ना, माय?" तिने विचारलं.

ताईबाईने हात पदराला पुसले. जरा विचार केला.

"नही," ती म्हणाली. "चाल, शाळाले उशीर व्हस."